गाठीचं कार्ड

शोक कळवायला कार्ड पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. माणूस गेल्याचं कळलं की आपण उठून जातो. बसतो, कुणीतरी चहा टाकतं, कुणीतरी भांडी विसळून ठेवतं, आणि निघताना फारसं काही न बोलता निघतो. लांब असलो तर फोन. त्यामुळे बाबा गेले तेव्हा, तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी, पोस्टमन एक जाड पांढरं पाकीट देऊन गेला आणि आतून कार्ड निघालं, तेव्हा ते ठेवायचं कुठे हेच आम्हाला कळेना. देवाजवळ? बाबांच्या फोटोजवळ? शेवटी ते फ्रीजवर गेलं, विजेच्या बिलाच्या शेजारी.

कार्ड एडिंबऱ्याहून आलं होतं. तिथे मी दीड वर्ष ज्यांच्याकडे भाड्याने राहिले, त्या घरमालकीण आजींनी पाठवलं होतं. आत त्यांच्या किरट्या अक्षरात दोन ओळी. बाहेर फिकट हिरव्या कागदावर सोनेरी रंगाची एक गुंतागुंतीची गाठ. पट्टी एकदा वरून जाते, एकदा खालून, वळते, परत येते. पाठीमागे बारीक छापील मजकूर होता. ही केल्टिक गाठ आहे, हिला सुरुवात नाही आणि शेवट नाही, प्राचीन केल्ट लोक हिला अनंत जीवनाची खूण मानत, असं काहीसं.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. मी मराठीत सांगितलं. तिने कार्ड हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यांना कसं ठाऊक?"

तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे जमेल तसं वाचत गेले. आज लिहितेय ते त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

एडिंबरा किंवा डब्लिन ज्यांनी पाहिलंय त्यांना तो फिरता स्टँड आठवेल. संग्रहालयांच्या दुकानांत असतो, पर्यटकांच्या दुकानांत असतो. वाढदिवस, लग्न, नाताळ, सांत्वन, सगळ्या प्रसंगांची कार्डं. एका बाजूला व्हायकिंग माल: ड्रॅगनच्या तोंडाची जहाजं, ओडिनचे कावळे, रून लिपीतली अक्षरं. स्टँड थोडा फिरवला की केल्टिक माल: गाठी, भोवऱ्यासारखी वर्तुळं, शेपट्या एकमेकांत गुंतवलेले प्राणी. मी तिथे असताना हे इतकं ओळखीचं झालं होतं की यात काही विचित्र आहे असं कधी वाटलंच नाही. विचित्र वाटलं ते सनावळ्या वाचल्यावर.

या कार्डांवरच्या केल्टिक नक्षीचं सगळ्यात प्रसिद्ध माहेरघर म्हणजे 'बुक ऑफ केल्स'. ख्रिस्ताच्या चार शुभवर्तमानांची ही सुमारे इ.स. ८०० ची हस्तलिखित प्रत, वासरांच्या कातड्यावर लिहिलेली, ३४० पानांची, म्हणजे पाठपोट धरून ६८० पृष्ठांची. आता ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजकडे आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते तिचं काम स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरच्या मठात सुरू झालं असावं. या आयोनावर व्हायकिंगांची पहिली धाड पडली ७९५ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी, ७९३ मध्ये, त्यांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचा लिंडिसफार्नचा मठ लुटला होता. ८०२ मध्ये त्यांनी आयोना जाळलं. ८०६ मध्ये परत आले आणि ६८ माणसं मारली. उरलेल्या साधूंपैकी काहींनी आयर्लंडमध्ये आतल्या बाजूला, केल्स इथे, नवा मठ बांधायला घेतला. पोथीचं नाव त्यावरून पडलं.

म्हणजे दुकानातल्या एकाच स्टँडवर एका बाजूला पोथी आणि दुसऱ्या बाजूला ती जिथे जन्मली तो मठ जाळणाऱ्यांचं जहाज. दोन्हींवर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'. हे लक्षात आलं तेव्हा मला हसूही आलं आणि थोडा रागही आला. बाजार काहीही शेजारी शेजारी मांडतो, असं वाटलं.

पण वाचत गेले तसा तो राग पातळ होत गेला.

पहिली गोष्ट म्हणजे 'प्राचीन केल्टिक गाठ' यातले 'प्राचीन' आणि 'केल्टिक' हे दोन्ही शब्द जरा डळमळीत आहेत. ग्रीक आणि रोमन लेखक ज्यांना केल्ट म्हणत ते युरोपच्या मुख्य भूमीवरचे लोक. आयरिश, स्कॉटिश आणि वेल्श माणसांना एकत्रितपणे केल्टिक म्हणायची प्रथा मूळ धरू लागली ती १७०७ नंतर, वेल्श पंडित एडवर्ड लुईड याने त्यांच्या भाषांचं नातं दाखवून दिल्यावर. ख्रिस्तपूर्व काळातल्या केल्टिक कलेत वळणं आहेत, भोवरे आहेत, पण अशी विणलेली गाठ नाही. गाठ आली नंतर, ख्रिस्ती धर्माबरोबर, आणि ती अनेक ठिकाणांहून आली. वेणीची नक्षी रोमन फरशांवर होती, इजिप्तमधल्या ख्रिस्ती कलेत होती. एकमेकांना चावणारे, अंगं गुंतवलेले प्राणी आले जर्मानिक लोकांच्या धातुकामातून. इंग्लंडमध्ये सटन हू इथे १९३९ मध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीचं जहाज-दफन सापडलं, त्यातल्या सोन्याच्या पट्ट्याच्या बकलावर असेच प्राणी वळवळताना दिसतात. ते ना केल्टिक, ना ख्रिस्ती. आणि व्हायकिंगांचे पूर्वजही स्कँडिनेव्हियात त्याच प्रकारचे प्राणी घडवत होते. म्हणजे मठ लुटायला आलेल्यांना त्या पोथ्यांवरची नक्षी अगदीच परकी वाटली नसणार. लांबच्या नात्यातली होती ती.

मग हे सगळं कार्डावर कसं आलं?

ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली. १८४३ मध्ये हेन्री कोल या लंडनच्या उद्योगी सरकारी अधिकाऱ्याने, नाताळची पत्रं हाताने लिहायचा कंटाळा आला म्हणून, जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन कार्डं छापली. बाजारात विकलं गेलेलं पहिलं नाताळ-कार्ड ते हेच, किंमत एक शिलिंग. त्यावर गाठबीठ काही नाही. मेजवानीला बसलेलं कुटुंब आहे, आणि त्यात लहान मुलीच्या ओठाला वाइनचा पेला लावलेला दिसतो म्हणून तेव्हा टीकाही झाली होती.

याच कोलने पुढे १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. आणि त्याच प्रदर्शनात डब्लिनच्या जॉर्ज वॉटरहाउस या सराफाने एक विलक्षण नाजूक कामाचा, आठव्या शतकाच्या सुमाराचा ब्रोच ठेवला होता. तो वर्षभर आधी बेटीज्टाउनच्या समुद्रकिनाऱ्याजवळ सापडला होता. प्राचीन आयरिश राजांची टेकडी 'तारा' तिथून बरीच आत आहे आणि ब्रोचशी तिचा काही संबंध नाही. पण वॉटरहाउसने त्याला 'तारा ब्रोच' असं नाव दिलं आणि त्याच्या प्रतिकृती विकायला सुरुवात केली. राजघराण्याचं नाव लागलं की दागिना जास्त खपतो, हे सराफाला सांगायला लागत नाही. माझ्या कार्डाच्या पाठीवरचा तो बारीक मजकूर याच वंशातला आहे.

१८५६ मध्ये ओवेन जोन्स याने 'ग्रामर ऑफ ऑर्नमेंट' हा जगभरच्या नक्ष्यांचा भलाथोरला ग्रंथ काढला. त्यात केल्टिक नक्षीला स्वतंत्र प्रकरण मिळालं, आणि ही नक्षी कुठल्याही चित्रकाराला, छापखान्याला उचलण्याजोगी झाली. १९१४ मध्ये एडवर्ड सलिव्हन याच्या पुस्तकातून 'बुक ऑफ केल्स'ची २४ रंगीत चित्रं लोकांच्या हातात पडली. दरम्यान डब्लिनमध्ये कवी येट्स यांची बहीण एलिझाबेथ हिने बायकांनी चालवलेला छापखाना उभा केला होता. १९०८ पासून त्याचं नाव क्वाला प्रेस. पुस्तकांबरोबर तिथे हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रंही निघत. आयर्लंडवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. 'आमचं आम्ही छापू' हे म्हणण्यात नुसती हौस नव्हती.

पण ही गाठ घराघरात पोचवली ती एका स्कॉटिश चित्रकला-शिक्षकाने. जॉर्ज बेन (१८८१-१९६८). त्याच्या आधी जे. रोमिली ॲलन या व्यवसायाने इंजिनियर असलेल्या गृहस्थाने स्कॉटलंडच्या जुन्या कोरीव दगडांचा अभ्यास करून एक साधी गोष्ट दाखवली होती: या सगळ्या गाठी मुळात वेणी आहेत. सरळ वेणी घ्यायची, ठरावीक ठिकाणी दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे तोडायची, आणि सुटलेली टोकं उलट बाजूला जोडायची. झाली गाठ. बेनने तेच मुलांना जमेल अशा पायऱ्यांत बसवलं. आधी ठिपके मांडा, मग ठिपक्यांमधून रेघा काढा, मग 'वर-खाली' ठरवा. त्याचं पुस्तक १९५१ मध्ये ग्लासगोला छापलं गेलं, पण तेव्हा फार खपलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पुन्हा निघालं आणि मग मात्र थांबलं नाही. त्यानंतरच्या किती कार्डांत, चांदीच्या दागिन्यांत आणि गोंदणांत बेन-मास्तरांचे ठिपके आहेत याची मोजदाद नाही.

ठिपके म्हटल्यावर तुमच्या डोक्यात जे आलं तेच माझ्याही आलं. मी एका रविवारी बेनची पद्धत कागदावर काढून आईला दाखवली. आई सोलापूरची. ठिपके जोडणारी आपली रांगोळी तिला येतेच, पण ठिपक्यांना वळसे घालत जाणारी, दक्षिणेतल्या कोलमसारखी रांगोळीही तिने शेजारणींकडून शिकलेली. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "तीन बाय पाच घेतलंस म्हणून एका हातात निघाली. चार बाय सहा घे, दोन होतील."

मी घेतले. दोन झाल्या.

नंतर कळलं की यामागे चक्क गणित आहे. चौकोनी मांडणीत आडव्या आणि उभ्या ठिपक्यांच्या संख्यांचा मसावि जितका, तितकी बंद वळणं तयार होतात. ३ आणि ५ चा मसावि १, म्हणून एकच रेघ. ४ आणि ६ चा २, म्हणून दोन. मधे कुठे तोडजोड केली की हिशेब बदलतो. आईने मसावि हा शब्द शाळेनंतर उच्चारला नसेल, पण तिच्या बोटांना तो पाठ होता. आयोनावरच्या साधूंच्या बोटांनाही असणार. दोन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांकडून हे घेतलं असेल असं मला सुचवायचं नाही. ठिपक्यांभोवती रेघ फिरवायची म्हटलं की अंकगणित सगळ्यांना सारखंच भेटतं, एवढंच.

आता तो मूळ प्रश्न. गाठ म्हणजे अनंत जीवन, हे यांना कसं ठाऊक?

ठाऊक नाही. त्या काळातल्या एकाही साधूने, कोरक्याने, सोनाराने 'या गाठीचा अर्थ अमुक' असं लिहून ठेवलेलं नाही. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स याने आयर्लंडमधल्या किल्डेअरची अशीच एक पोथी पाहिली, आणि हे माणसांचं नव्हे, देवदूतांचं काम वाटावं असं लिहून ठेवलं. तो थक्क झाला, पण अर्थ त्यानेही सांगितला नाही. अनंत जीवन, अतूट प्रेम, निष्ठा हे सगळे अर्थ गेल्या दीड-दोनशे वर्षांतले. त्यांना जन्म देणाऱ्यांत माझ्या कार्डासारखी कार्डंही आली.

स्टँडच्या दुसऱ्या बाजूचंही तेच. व्हायकिंगांच्या शिंगवाल्या टोपाला पुरावा नाही. तो लोकप्रिय झाला मुख्यतः १८७६ च्या वाग्नरच्या संगीतनाटकासाठी कार्ल एमिल डप्लर याने आखलेल्या पोशाखांमुळे. 'वाट चुकू न देणारं व्हायकिंग होकायंत्र' म्हणून प्रवासाच्या शुभेच्छांवर छापतात ते वेग्विसीर हे चिन्ह १८६० च्या एका आइसलँडिक हस्तलिखितातलं, म्हणजे व्हायकिंग काळानंतर तब्बल आठशे वर्षांनी. एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण गॉटलंड बेटावरच्या जुन्या दगडांवर खरेच आहेत, पण त्यांना दिलं जाणारं 'वाल्कनुट' हे नाव मात्र अलीकडचं.

हे सगळं निरुपद्रवी असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मोकळ्या चिन्हात कुणीही येऊन राहू शकतं. नाझींनी रून अक्षरं एसएसच्या गणवेशावर लावली. वर्तुळातला केल्टिक क्रूस गोऱ्या वर्णश्रेष्ठत्ववाद्यांनी उचलला. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेत घुसलेल्या जमावातल्या एका माणसाच्या उघड्या छातीवर तेच तीन त्रिकोण गोंदलेले जगाने पाहिले. स्वस्तिकाचं काय झालं हे माहीत असलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. 'हे शुद्ध आमचं, प्राचीन, इतर कुणाचं नाही' हे वाक्य सांत्वनाच्या कार्डाच्या पाठीवर निरागस वाटतं. झेंड्यावर तेच वाक्य निराळं दिसतं.

आणि ते वाक्य खोटं आहे, याचा सगळ्यात भक्कम पुरावा दगडावरच आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं छोटं बेट आहे. तिथे व्हायकिंग आले, लढले आणि मग राहिले, लग्नं केली. तिथल्या कर्क मायकेल गावात दहाव्या शतकातला एक दगडी क्रूस आहे. त्यावर रून लिपीत, नॉर्स भाषेत लिहिलंय की मेल ब्रिग्देने, एका लोहाराच्या मुलाने, हा क्रूस उभारला. मेल ब्रिग्दे हे नाव अस्सल गेलिक, अर्थ संत ब्रिजिडचा सेवक. पुढे कोरणाऱ्याची बढाई: हा गौटने घडवला, आणि मॅनवरचे सगळेच. गौट हे नॉर्स नाव. त्याच बेटावरच्या अँड्रियस गावात थोरवाल्डच्या क्रूसाचा तुकडा आहे. एका बाजूला खांद्यावर कावळा घेतलेला ओडिन, लांडगा त्याचा पाय गिळतोय. दुसऱ्या बाजूला हातात क्रूस आणि पुस्तक घेतलेला माणूस सापाला तुडवतोय. एकाच दगडावर, पाठपोट.

डब्लिन शहर तर व्हायकिंगांनीच वसवलं, ८४१ मध्ये तळ ठोकून. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या उत्खननांत तिथे हाडांचे तुकडे सापडले, त्यांवर कारागिरांनी गाठी आणि गुंतलेले प्राणी गिरवून पाहिलेत. आपल्या कच्च्या वहीसारखे. काही जमलेत, काही अर्धवट सोडलेत. आणि आयर्लंडचा अभिमान मानला जाणारा क्रॉस ऑफ काँग, ११२३ च्या सुमाराला राजा टर्लो ओ'कॉनर याने करून घेतलेला, त्यावरची वळवळणारी जनावरं आहेत उर्नेस शैलीतली. उर्नेस हे नॉर्वेतल्या लाकडी चर्चचं नाव. ज्यांनी मठ जाळले त्यांच्या पणतू-खापरपणतूंची नक्षी आयर्लंडच्या सगळ्यात पवित्र वस्तूवर बसली.

म्हणजे तो फिरता स्टँड अगदीच अडाणी नव्हता. जाळणं खरं, ६८ माणसं खरी. पण नंतर शेजारी राहणंही खरं. कार्डाच्या पाठीवरच्या मजकुरापेक्षा स्टँडची मांडणीच जास्त प्रामाणिक निघाली.

असो. घरी परत येते.

बाबांना जाऊन वर्ष होईपर्यंत दारात रांगोळी नव्हती. वर्षानंतरच्या दिवाळीत आईने फ्रीजवरचं कार्ड काढलं, चष्मा लावला आणि काडीपेटीतली एक काडी घेऊन त्या सोनेरी पट्टीवरून फिरवत बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "छापलंय ते चूक आहे. हा एक धागा नाहीये. दोन आहेत."

मी स्वतः फिरवून पाहिलं. खरंच दोन होते. जुन्या पोथ्यांतही एका चौकटीत दोन, तीन, चार धागे सर्रास असतात, ते मी वाचलं होतं. पण हे कार्ड इतकी वर्षं घरात असून काडी फिरवून पाहायचं मला सुचलं नव्हतं. प्रत्येक धागा आपल्यापुरता बंद. दुसऱ्याला कुठेही मिळत नाही, फक्त वरून जातो, खालून जातो.

"पण सुटायचे नाहीत," आई म्हणाली, आणि ठिपके मांडायला बाहेर गेली.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर: छापणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आजींनाही नव्हतं. त्यांनी इतकंच केलं की दुकानात गेल्या, स्टँड फिरवला, त्यातल्या त्यात शांत दिसणारं कार्ड निवडलं आणि घरी येऊन आत दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी मी अजून सांगितल्याच नाहीत. बाबा मला भेटायला तीन आठवडे तिकडे आले होते, तेव्हा स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी आजींच्या बागेतला गळका नळ दुरुस्त केला होता. आजींनी लिहिलं होतं की बातमी कळल्यावर त्या बागेत जाऊन तो नळ पाहून आल्या. अजून गळत नाही.

हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कार्ड अजून फ्रीजवर आहे. विजेचं बिल आता मोबाइलवर येतं, त्यामुळे त्याला शेजार उरलेला नाही.